परकेपणाचे तीन गुण

१० जानेवारी

ढापण्या,

अकरा पडले होते मला. अकरा! स्वयंपाकघरातल्या टेबलावर फासे टाकले, एक घरंगळून फ्रिजखाली गेला, तो पट्टीनं बाहेर ओढला, तर सहा आणि पाच. आणि आता तुझं पत्र सांगतं की आपल्या खेळात धुकेनगरच्या व्यापारप्रमुखानं माझ्या मीठवालीला घासाघिशीत हरवलं. त्याला नऊ पडले, आणि माझ्या अकरातून तू तीन कापलेस. कशाबद्दल, तर ती परकी आहे म्हणून. त्या शहरात भाव विचारण्याआधी दुकानाची तारीफ करायची असते, हे तिला ठाऊक नव्हतं म्हणून.

मला इतका राग आला की तुझा चष्मा इथून ओढून काढावासा वाटला. राग आला कारण तुझा नियम खरा आहे. इथं परदेशात मी जिथं कवळ्या करते, तिथले आमचे मुख्य कधी ‘वाईट’ म्हणत नाहीत. दात उजेडात धरतात आणि म्हणतात, ‘हं, वेगळं झालंय.’ सुरुवातीला मी खूश व्हायचे. पुष्कळ दिवसांनी कळलं की ‘वेगळं’ म्हणजे मुकाट्यानं परत कर. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की ‘या ना कधीही’ म्हणायची. मी एका रविवारी खरंच गेले, हातात संत्री घेऊन. तिनं दार अर्धं उघडलं. विचारलं, काही बिघडलंय का. मी संत्री तिच्या हातात कोंबून खाली पळाले. तुझे तीन गुण मी रोज भरतेय रे.

पण पायऱ्या चार आहेत, तूच केल्यास. परका, पाहुणा, रुळलेला, घरचा. परक्याचे तीन कापायचे, पाहुण्याचा एक, रुळलेल्याचं काही नाही, घरच्याला वर दोन द्यायचे. मीठवाली धुकेनगरात राहून दोन हिवाळे झाले. तिला आता रुळलेली कर. रविवारी तुझ्यासोबत खेळणाऱ्या मास्तरांना विचार, घड्याळजींना विचार.

आई बरी आहे का? मागच्या वेळी फोनवर मला तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. तू म्हणालास, ती कामात आहे. वर्षभरासाठी जाते म्हणून मी निघाले आणि तिसरं वर्ष लागलं, हे मला कळतं. तिनं मला शिव्या द्याव्यात, पण बोलावं. मला दुसरं काही नको आहे.

माझ्या खुर्चीवर रविवारी कुणी बसत नाही ना?

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. घड्याळजी त्यावर छत्री ठेवतात, तेवढंच.

तुझी मागणी टेबलासमोर ठेवली. निकाल असा की मीठवाली आजपासून पाहुणी. एकच गुण कापला जाईल. रुळलेली मात्र नाही. दोन हिवाळे राहिलं म्हणून माणूस रुळतं का? मास्तरांचं म्हणणं पडलं की ती अजून झोपेत तिथल्या भाषेत बोलत नाही. डोळे वटारू नकोस, नियम म्हणजे नियम.

आणखी एका गोष्टीवर वाद झाला, तुझं मत कळव. परकेपणाचे गुण सगळ्याच कामांत कापायचे का? घासाघीस, थापा, मनधरणी, यांत कापायचे हे उघड आहे. पण कुलूप तोडताना कशाला? लोखंडाला काय कळतंय कोण कुठला ते.

खेळाची हकीकत अशी. आपली मंडळी खजिन्याच्या गुहेपाशी पोचली होती. मास्तरांचा पहिलवान दंड थोपटून तयार. (काल मास्तरांना बरणीचं झाकण उघडेना, ते वेगळं.) इतक्यात घड्याळजींच्या कुलूपतोड्यानं जाहीर केलं की गुहा राहू दे, आपण उत्तरेला जायचं. का, तर सांगत नाही. बाजारात जाऊन त्यानं सगळ्या मोहरा मोडून घोंगड्या घेतल्या. प्रत्येकाला एक आणि वर एक जास्तीची.

माझं दुकान बरं चाललंय. काचा घासून घासून बोटांना फोड आलेत. एका आजोबांना नवा चष्मा दिला तर ते आरशात बघून म्हणाले, जुनाच द्या, त्यात मी बरा दिसत होतो.

आई ठीक आहे. गुडघा कुरकुरतो. फोनचं काय सांगू, फोन वाजला की ती घासलेली भांडी परत घासायला घेते. वॉर्डात इतकी वर्षं नर्स म्हणून काढली, रुग्णांच्या नातेवाइकांना शांत करून घरी पाठवायची, आणि स्वतःच्या बाबतीत असं. मी एकदा म्हटलं, बोल गं. तर म्हणाली, ‘तिनं वर्ष म्हटलं होतं. वर्ष संपू दे, मग बोलते.’

तुझा
ढापण्या


५ मार्च

ढापण्या,

पाहुणी तर पाहुणी. तू पहिल्यापासून चिकट. लहानपणी गोळी अर्धी चोखून मला द्यायचास.

कुलपाचं मात्र चुकतंय तुझं. लोखंडाला कळत नसेल, हाताला कळतं. इथं आमच्या कारखान्यात दात घासायचं चाक उलट्या बाजूला फिरतं. पहिल्या दिवशी मी एका गृहस्थाच्या कवळीतला सुळा असा उडवला की तो मुख्यांच्या चहात पडला. ते म्हणाले, ‘हं, वेगळं झालंय.’ तेव्हा कुलूप तोडतानासुद्धा काप. तीन नको, एक काप.

आणि एक नवा नियम मागतेय, हा तरी दे. इथं पॉलिश करणारी एक म्हातारी आहे, आम्ही तिला मावशीच म्हणतो. मी आले त्या दिवशी ती खाली फाटकापर्यंत मला घ्यायला आली. कुणी सांगितलं नव्हतं. माझा दंड धरून तिनं मला सगळ्या टेबलांपुढून फिरवलं, जेवायला शेजारी बसवलं, कुणी काही विचारलं तर माझ्याऐवजी तिनंच उत्तर दिलं. त्या दिवशी, ढापण्या, माझं काहीच चुकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चुकायला लागलं. तर नियम असा: परका माणूस वेशीवर आला आणि त्या शहरात घरचं असलेलं कुणी त्याला घ्यायला उभं असेल, तर त्याचा एकही गुण कापायचा नाही.

घड्याळजींना झालंय काय? घोंगड्या? त्या माणसानं आयुष्यात खजिना सोडून कशाला हात लावलाय का? मागे पहिलवान बर्फात गोठत होता तेव्हा ते म्हणाले होते, मेला तर त्याचे बूट मी घेतो. त्यांची तब्येत बरी आहे ना? वय झालं की माणूस मऊ होतं म्हणतात.

इथं कामाचं एक काहीतरी चाललंय. नक्की झालं की लिहीन. रविवारी दुपारी मी फासे काढून बसते. तुमचं सगळ्यांचं बोलणं ऐकू येईल असं उगाच वाटत राहतं. मग एकटीच टाकते आणि आकडे बघते. घर फार आठवतं रे.

ताई

आईला विचार, ती अजून वर्षाचा हिशेब करतेय का.


२८ मार्च

ताई,

नियम मंजूर! वेशीवर घरचं माणूस उभं असेल तर परक्याचे गुण कापायचे नाहीत. मतदान झालं, विरोधात कुणी नाही. कुलूपतोड्याला तर नियम इतका आवडला की त्यानं मला दोनदा वाचायला लावला.

कुलपाला एक गुण, तेही मंजूर. पण दुखण्यावर इलाज करताना काही कापू नये, असं मी म्हणत होतो. ताप तो ताप, कुठल्याही गावचा असो. तर कुलूपतोड्यानं मला गप्प केलं. म्हणाला, ‘दुखणं सगळीकडे सारखं असतं, पण दुखतंय हे सांगायची रीत घरोघरी वेगळी. कुणी ओरडतं, कुणी हसतं, कुणी भिंतीकडे तोंड करतं. ते ओळखता आलं नाही तर औषध काय देणार?’ मी लगेच दोन गुण कापायचं मान्य केलं.

मंडळी आता अर्ध्या वाटेवरच्या सराईत पोचलीत. तिथं चांगलाच गोंधळ झाला, तुला सविस्तर सांगतो. आत शिरताच कुलूपतोड्यानं सराईवाल्याला विचारलं, खोलीला खिडकी आहे का. मग पाण्याचा माठ उघडून बघितला आणि म्हणाला, हे पाणी मी जनावराला देणार नाही. आता त्या मुलखात यजमानाच्या पाण्याला नावं ठेवणं म्हणजे त्याच्या बापाला नावं ठेवण्यासारखं. मनधरणीचे फासे टाकले. कुलूपतोड्याला सात, तीन कापले, राहिले चार. सराईवाल्याला सहा. तेव्हा सगळ्यांना गोठ्यात झोपायची पाळी आली. पहिलवान चिडला, पण कुलूपतोड्यानं गोठा झाडून घेतला, घोंगड्या अंथरल्या, आणि झोपण्याआधी एकेकाच्या कपाळाला हात लावून बघितला.

मग गोठ्याचा गडी दाराला कडी घालायला आला. कुलूपतोड्या काही घालू देईना. गडी म्हणतो, सगळे आत आहेत, मोजा. हा मोजतो आणि म्हणतो, ‘कडी नको. अजून एक यायचंय.’ मी म्हटलं, अहो, कोण यायचंय? तुम्ही इतकेच आहात. तर दारातच बसून राहिला. मी काय करणार, दार उघडं ठेवलं.

तुझं ते कामाचं काहीतरी काय आहे? मला धाकधूक लागलीय. बढती असेल तर पेढ्यांऐवजी पैसे पाठव.

ढापण्या


२० एप्रिल

ढापण्या,

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं. कडीपर्यंत आले आणि पुढचं वाचता येईना. मावशी विचारायला लागली, कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, कुणीतरी भेटलं.

ते घड्याळजी नाहीत.

घोंगड्यांना मी हसले. खिडकीलासुद्धा हसले असते. दुखतंय हे सांगायची रीत घरोघरी वेगळी, हे घड्याळं दुरुस्त करणारा माणूस कुठून शिकला, असं मनात आलं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी शिकवणीहून उशिरा यायचे तेव्हा बाबा कडी घालायला उठायचे, आणि ओट्यापाशी उभी राहून त्यांना कोण म्हणायचं, ‘कडी नको, अजून एक यायचंय’? तू तेव्हा अंथरुणात गोधडी डोक्यावर घेऊन पडलेला असायचास. तू ऐकलं नसशील. मी रोज दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. कधी कधी तर ऐकायला मिळावं म्हणून जिन्यात मुद्दाम रेंगाळायचे.

आता मी रीतसर चाल करते. मीठवाली म्हणते, हा कुलूपतोड्या कुलूपतोड्या नाही. वेषांतर विरुद्ध ओळख, असा सामना. मी फासे टाकले. पाच पडले. दोन आणि तीन. परत टाकावेसे वाटले, पण नाही टाकले. धुकेनगरात मी पाहुणी असेन, त्या माणसाच्या बाबतीत मी घरची आहे, तेव्हा वर दोन. माझे सात. समोरून फासे टाकायला सांग आणि आकडा लिही. खोटा लिहू नकोस.

आणि माझं काहीतरी ऐक. मला इथं कायमचं घेतायत. मुख्य म्हणाले, ‘तुमचं काम चांगलं आहे.’ वेगळं नाही म्हणाले, चांगलं म्हणाले. मे संपेपर्यंत सही करायची आहे. मला ते काम हवं आहे, हे तुला सरळ सांगते. दात बसवून गेलेली माणसं सफरचंद खाताना दिसली की मला फार बरं वाटतं. पण सही केली की वर्ष कधीच संपणार नाही. मग आई कधी बोलणार? तिच्याशी बोलल्याशिवाय मी सही करणार नाही. काम गेलं तर जाऊ दे.

ताई


११ मे

ताई,

पकडलंस.

मास्तरांची बदली झाली त्याला वर्ष होत आलं. घड्याळजी दुकान विकून मुलाकडे राहायला गेले. जाताना छत्री तुझ्या खुर्चीवरच विसरले, ती अजून तिथंच आहे, म्हणून ते खोटं नव्हतं. बाकी सगळं मी रचत होतो. टेबलावर सगळ्या सोंगट्या मांडायचो आणि प्रत्येकाच्या आवाजात बोलायचो. तुला कळवलं असतं तर तू खेळ सोडून दिला असतास, आणि मग तुझी पत्रं कशाच्या निमित्तानं आली असती?

एका रविवारी आई येऊन मागे उभी राहिली. मला वाटलं, वेड लागलंय का विचारणार. तिनं विचारलं, ‘यात ती कुठे आहे?’ मी नकाशाच्या वरच्या टोकाला मीठवाली दाखवली. आईनं चष्मा पुसला, वाकून बघितलं. मग विचारलं, ‘आणि तिच्याकडे जायचं तर कुणाला जाता येतं?’ मी म्हटलं, कुणालाही, वाटेत फासे टाकावे लागतात. तिनं हाताशी होती ती सोंगटी उचलली. ती कुलूपतोड्याची निघाली. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. तेव्हापासून रविवारी ती भांडी नंतर घासते.

आता सामना. तुझी चाल तिला वाचून दाखवली. तिनं फासे मुठीत घोळले. मग टाकले. आठ पडले. तू खोटं लिहू नको म्हणालीस, म्हणून खरं लिहितो: तुझे सात, तिचे आठ. नियमानं तू हरलीस. कुलूपतोड्या ओळखू आला नाही.

मी हे सांगितलं तर आई माझ्यावरच उखडली. ‘घरच्यांना वर दोनच? पोटच्या पोरीला दोनच गुण? कुणी केला हा नियम?’ मी म्हटलं, मी. ‘मग बदल,’ म्हणाली, ‘चिकट कुठला.’ तेव्हा बदलला. आता घरच्यांना तीन. परक्याचे जेवढे कापतो, तेवढेच घरच्याला द्यायचे. तुझे आठ, तिचे आठ. बरोबरीत कोण जिंकतं ते नियमात लिहिलेलंच नाही, आणि मी लिहिणारही नाही.

चिकटपणाचंही सांगून टाकतो. मीठवालीला रुळलेली करायला मी का तयार नव्हतो, ते तुला कळलं असेल. ती तिथं रुळली की तिची सोंगटी या टोकाकडे परत कशाला येईल, असं वाटायचं. ते काही खरं नाही. मीठवाली आजपासून धुकेनगरात घरची. ज्या बाईला मुख्यांच्या ‘वेगळं’चा अर्थ कळतो, ती घरचीच. मला वाईट वाटतंय, पण केलं.

कामाबद्दल आईला सांगितलं. तिनं माझ्या हातून कागद घेतला आणि आतल्या खोलीत गेली. तिनं लिहिलेलं यातच घातलंय. मी वाचलेलं नाही.

ढापण्या


त्याच पाकिटातून

मुली,

मला रागवायला कारण होतं आणि ते अजून आहे. वर्ष म्हणाली होतीस. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी ‘ये परत’ म्हणाले असते आणि तू आली असतीस. तू अशीच आहेस, लहानपणापासून. म्हणून फोन घेतला नाही. भांडी घासली. आता सगळी झिजलीत.

सही कर. कवळ्या चांगल्या करतेस असं कुणी म्हटलं तर ते ऐकायला मला आवडेल. वॉर्डात किती म्हातारी बिनदातांची उपाशी निजायची, मला ठाऊक आहे.

हा ढापण्या म्हणतो की कुलूपतोड्या तुझ्या गावापासून एका मुक्कामावर आहे. पुढं काय ते मला खेळातलं समजत नाही. पण मी त्याला सांगून पासपोर्टचे फोटो काढून घेतलेत. चोरासारखे आलेत. तिकडच्या रीतीभाती मला कळायच्या नाहीत, कुणाच्या पाण्याला नावं ठेवली तर आधीच माफी मागून ठेव. तीन कापायचे तर काप. तू वेशीवर उभी राहणार असशील तर तेवढं कळव.

तुझ्या खोलीला खिडकी आहे का?

आई


३० मे

आई,

सही केली.

खिडकी आहे. पूर्वेला आहे, सकाळी ऊन ओट्यापर्यंत येतं. पाणी चांगलं आहे, तरी तू बघून घे. एक घोंगडी जास्तीची आणून ठेवलीय. मावशीला तुझ्याबद्दल सांगितलं, ती म्हणाली वेशीवर मीपण येते.

ढापण्याला सांग, चाल लिहून घे. मीठवालीनं दुकान लवकर बंद केलं आणि ती वेशीवर जाऊन उभी राहिली. रखवालदार म्हणाला, बाई, सगळे आत आले, दार लावतो. तिनं त्याचा हात धरला. घासाघीस करायची होती, फासे टाकायचे होते, पण तिला एवढंच बोलता आलं.

कडी नको. अजून एक यायचंय.